धारेच्या दगडातले काळे अभ्रक

गिरडला जाणारी माणसे बहुतेक नवस बोलायला नाहीतर फेडायला जातात. मी गेलो तेव्हा माझ्या पिशवीत कॉलेजची हातोडी होती, एक भिंग, एक दाभण, एक कोरी वही आणि आईने फडक्यात बांधून दिलेल्या चार भाकरी. परत आल्यावर ओळखीच्या लोकांनी विचारले, काय काय पाहिलेस? तेव्हा मला नीट सांगता आले नाही. आता महिना झाला आहे. ज्यांनी गिरड पाहिलेले नाही त्यांनी डोंगराच्या वर्णनाची फार अपेक्षा ठेवू नये. मी बहुतेक वाट खाली पाहूनच चाललो.

पदवी मिळालेला आमच्या घरातला मी पहिला माणूस. घरातलाच कशाला, टाकी लावणाऱ्या आमच्या सगळ्या गोतातला पहिला. जाते दळून दळून गुळगुळीत झाले की त्यात दाणा नुसता फिरतो, पीठ पडत नाही. मग त्याच्या दोन्ही तळ्या छिन्नीने ठोकून पुन्हा खरबरीत कराव्या लागतात. ते आमच्या वडिलांचे काम. दिवाळी झाली की ते फेरीला निघत, गावोगाव "टाकी लावाऽऽ" अशी आरोळी देत, आणि होळीच्या आत परत येत. मीही त्याच वाटेने जायचा. पण वर्ध्याच्या शाळेतल्या हेडमास्तरांनी मला वर्गात बसवले, फी माफ करवली, पुढे नागपूरच्या वसतिगृहात स्वतः नेऊन सोडले. त्यांचे उपकार मी या जन्मी फेडू शकणार नाही.

वडिलांजवळ धार लावायचा एक दगड होता. वीतभर लांब, करड्या रंगाचा, आणि त्यात काळ्या चकाकत्या टिकल्याच टिकल्या. आमच्याकडचा दगड काळा, घट्ट. त्यात चमक नाही. हा माझ्या आजोळचा, वैनगंगेच्या बाजूचा. लग्नात आईबरोबर आला होता, असे वडील थट्टेने म्हणत. लहानपणी मी त्या टिकल्या नखाने सोलून कपाळाला चिकटवत असे. आई ओरडे, "बाईमाणसासारखा टिकल्या लावून कायले फिरून राह्यला रे?" त्या टिकल्यांना काळे अभ्रक म्हणतात, हे मला कॉलेजात कळले.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर वडील फेरीला गेले. बरोबर हिंगणघाटकडचा एक जोडीदार होता. होळी झाली, वडील आले नाहीत. चैत्रात एक गाडीवान निरोप घेऊन आला, की गिरडच्या अंगाला तुमच्यातला एक टाकीवाला तापाने गेला, तिथेच पुरला. कोणता? ते त्याला ठाऊक नव्हते. त्यालाही तो निरोप दुसऱ्या गाडीवानाने दिला होता. माझी परीक्षा चालू होती. आईने परीक्षा संपेपर्यंत मला कळू दिले नाही, आणि कळल्यावर जाऊही दिले नाही. "पदवी घे अगुदर," म्हणाली. मला वाटते तिला कळून घ्यायचेच नव्हते. जोडीदाराचाही पुढे पत्ता लागला नाही. दोघांपैकी एक गेला होता आणि दोघेही परतले नव्हते.

आई कुंकू लावत राहिली. पण मागच्या संक्रांतीला शेजारच्या बाईने हळदीकुंकवाला तिला बोलावले आणि करंडा पुढे करताना तिचा हात मधेच थांबला. आईने ते मला वर्षभर सांगितले नाही. यंदा पौष लागला तेव्हा चुलीपुढे बसून म्हणाली, "तू तिकडं चाललाच हायेस तं पाहून ये. संक्रांतीच्या आत सांग मले. वाण घेऊ का नको घेऊ?"

मी तिकडे चाललो होतो हे खरे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक हंगामी जागा होती. प्राध्यापकांनी सांगितले, की वर्धा जिल्ह्यात रोजच्या वापरातल्या दगडांत, पायऱ्या, पाटे, जाती, मैलाचे दगड, यांत काळे अभ्रक कुठे दिसते त्याची यादी करून आण, मग पाहू. फेरीवर मेलेल्या टाकीवाल्याच्या उशाशी त्याचाच धारेचा दगड उभा करायची आमच्यात रीत आहे, म्हणून एकाच दगडाचे दोन शोध माझ्यावर येऊन पडले. एकात तो सापडावा अशी माझी इच्छा होती. दुसऱ्यात सापडू नये अशी.

वर्धा

पहिला दिवस गावातच गेला. आमचा जिल्हा मुंबई राज्यात जाऊन वर्ष उलटले होते, तरी कचेरीच्या ओसरीवर लोक अजून त्याच गोष्टी बोलत होते. कापसाच्या गाड्यांची रांग जिनिंगपासून रस्त्यापर्यंत आली होती. आकाश भरलेले होते, पण पाऊस येत नव्हता. उजेड दगड पाहायला पुरेल इतकाच.

काळे अभ्रक ओळखायची रीत सोपी आहे, कोणालाही जमेल. दगडात काळा चकचकीत ठिपका दिसला की त्याच्या कडेत दाभणाचे टोक घालावे. कांद्याच्या पापुद्र्यासारखा पापुद्रा सुटला, वाकवला असता वाकला आणि सोडताच पुन्हा सरळ झाला, तर ते अभ्रक. उजेडासमोर धरला की काळा पापुद्रा तपकिरी दिसतो, चहाच्या पाण्यासारखा. दुसरेही एक काळे खनिज असेच चमकते आणि फसवते. त्याचे नाव हॉर्नब्लेंड. त्याला दाभण लावले की पापुद्रा सुटत नाही, बारीक कुसळे निघतात.

आपल्याकडचा दगड बहुतेक सगळा लाव्ह्याचा काळा पाषाण आहे. विहिरी, पार, देवळांची जोती, सगळे त्याचेच. भिंग लावून पाहिले तरी त्यात अभ्रक दिसायचे नाही. म्हणून आमच्या भागात काळे अभ्रक असलेला दगड दिसला की समजावे, हा बाहेरून आलेला आहे. स्टेशनच्या फलाटाच्या कडेला असे दगड आहेत. रेल्वेने कुठूनतरी पूर्वेकडून आणले असावेत. त्यावरून रोज इतकी माणसे पाय पुसत जातात. मी उकिडवा बसून पापुद्रे काढत होतो आणि प्रत्येक पापुद्रा सुटला की छातीत काहीतरी सुटल्यासारखे वाटत होते.

एका कचेरीच्या पायरीवर मात्र मी अडकलो. दाभण घातले आणि मागून आवाज आला.

"काय खोदून राह्यला बे?"

शिपाई होता. मी म्हणालो, "अभ्रक आहे का ते पाहतो आहे."

"सरकारी पायरीतून अभ्रक काढतं?"

"मी बी.एस्सी. आहे."

"मंग तं खोदालेच पाहिजे," तो म्हणाला. "आमी अडाणी लोक निस्ते पाय देऊन चढतो."

त्याने वही उघडून पाहिली. तिच्यात "फलाट, होय, मारुतीचा पार, नाही, पिठाची गिरणी, उंबरठा, नाही" असे लिहिले होते. त्याने ते मोठ्याने वाचले, दोघा-तिघांना ऐकवले आणि वही परत दिली. जाता जाता म्हणाला, "आमच्या पायरीचं लिहून घे. होय का नाई?" मी सांगितले, नाही. त्याला ते आवडले नसावे.

अल्लीपूर

अल्लीपूरला माझा शाळासोबती श्यामराव प्राथमिक शाळेत मास्तर आहे. त्याच्याकडे उतरलो. संध्याकाळी त्याने शेतावर नेले, हुरडा भाजला, तुरीच्या ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडल्या. आमच्या घरी हुरड्याबरोबर नुसते तिखट-मीठ असते. इथे जवसाची चटणी होती आणि ती फार चांगली होती. एरवी मी ते सगळे आनंदाने सांगितले असते.

मी दगड ओळखतो हे श्यामरावाने गावभर सांगून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर माणसे जमली. एकाने धोतराच्या सोग्यात बांधलेली चिमूटभर रेती पुढे केली.

"नदीतून आणली. सोनं चमकते का नाई त्यात, सांगा."

रेतीत सोनेरी कण होते. मी भिंग लावले, एक कण नखावर घेतला, टोकरला. पापुद्रा सुटला. काळे अभ्रक उन्हापावसात जुने झाले की त्याचा काळेपणा उतरतो आणि ते सोनेरी दिसू लागते. मी तसे समजावून सांगितले. तो ऐकत राहिला. मग रेती ओट्यावरच झटकली.

"दोन वर्षं ठेवलती म्या ही. तुमी आले नसते तं सोनंच होती."

लोक हसले, श्यामरावही हसला. माझ्याने हसवले नाही.

सगळे पांगल्यावर श्यामरावाची आत्या मला आत बोलावून स्वयंपाकघरात घेऊन गेली. कौसाआत्या म्हणतात तिला. तिथे एक पाटा होता, आमच्याकडच्या पाट्यासारखा काळा नव्हे, करडा. वर वाटण सारवलेले असूनही कडेला काळ्या टिकल्या चमकत होत्या. दाभण लावायची गरज नव्हती, तरी मी लावले.

"तुमचं माहेर वैनगंगेकडचं का?" मी विचारले.

आत्या माझ्याकडे पाहतच राहिली. "तुले कसं माहीत?"

"पाटा तिकडचा आहे."

"माया बापानं गाडीत घालून आणलता. या गावात कोणाले सांगतलं नाई म्या. असंच एकानं सांगतलं होतं पाय. टाकीवाला होता. पाट्याले टाकी लावाले बसला आन् म्हणते, बाई, हा दगड आमच्या सासुरवाडीकडला हाये. त्याच्यापाशी असाच धारेचा दगड होता."

माझे दाभण पाट्याच्या कडेवरच राहिले. मी विचारले, कधी?

"झाले असतील दोन वर्षं. दोघं होते ते. तो खोकत होता. म्या त्याले गुळाचा काढा करून देल्ला."

"आणि दुसरा?"

"दुसरा बी खोकत होता रे. तुमी सारेच खोकता ना, दगडाचा भुगा खाऊन." माझा चेहरा पाहून तिने हळूच विचारले, "तुया कोण होता तो?"

मी सांगितले. आत्याने पदराने पाट्यावरचे वाटण पुसले, काही कारण नसताना. दुसऱ्याचा धारेचा दगड कसा होता, असे मी विचारले. तिला आठवत होता: विटेसारखा लाल. त्याने तिच्या विळ्याला धार लावून दिली होती, म्हणून आठवत होता.

"कुठं गेले इथून?"

"समुद्रपूरवरून गिरडच्या फेरीले जातो म्हणे."

त्या रात्री वहीत मी लिहिले: "अल्लीपूर, पाटा एक, होय." खाली लिहिले: "करडा असेल तर आपला. लाल असेल तर त्याचा." आपण काय लिहिले हे नंतर माझ्या लक्षात आले. तो लाल निघावा म्हणजे दुसऱ्या कोणाच्या घरी कुंकू पुसावे, अशी मी इच्छा धरून होतो.

गिरड

समुद्रपूरहून पुढे पायी गेलो. वाटेत पळसाची झाडे, पाने झडलेली, आणि काळी जमीन भेगाळलेली. गिरडचा डोंगर फार उंच नाही. वर दर्गा आहे; सगळ्या जातीधर्माची माणसे तिथे जातात. तळ्याच्या बाजूला आणि पायवाटेवर सुपारीएवढे, लिंबाएवढे गोल दगड पडलेले दिसतात. गोष्ट अशी सांगतात, की एका व्यापाऱ्याने बाबांशी खोटेपणा केला आणि त्याच्या गोण्यांतला सगळा माल दगड होऊन पडला. लोक ते गोळे घरी नेतात, धान्याच्या कणगीत ठेवतात.

लाव्हा थंड होताना त्यात राहिलेल्या पोकळ्या पुढे खनिजांनी भरतात आणि असे गोळे तयार होतात, हे मी शिकलो आहे. पण दर्ग्याचे म्हातारे मुजावर माझ्याजवळ येऊन बसले तेव्हा मी ते बोललो नाही. अल्लीपूरच्या ओट्यावर मी एका फेरीपुरते पुरेसे बोललो होतो.

"क्या ढूँढ रहे हो, बाबू? सब यहाँ ऊपर देखते हैं, तुम नीचे देखते हो."

मी विचारले, दोन वर्षांपूर्वी इथे कोणी टाकीवाला मरण पावला होता का.

म्हाताऱ्याने दाढीवरून हात फिरवला. "हाँ, दो आए थे. एक चढके आया था ऊपर, दुआ माँगने. जोडीदार बिमार है, बोला. मैंने ताबीज दिया. दूसरे दिन कोई आया नहीं." त्यांनी डोंगराखाली बोट दाखवले. नाल्याच्या पलीकडे दहा-पंधरा घरे दिसत होती. "वहाँ रहते थे. अब वो लोग बौद्ध हो गए. अच्छे लोग हैं. वहाँ पूछो."

"जो वर आला तो कसा होता?"

"थका हुआ था," ते म्हणाले. "और क्या होता है आदमी."

नाल्याकाठी

त्या मोहल्ल्यात पहिल्याच घरापुढे एक बाई अंगणात तूर झोडपत होती. तिचे नाव सगुणाबाई. नवऱ्याचे नाव दौलत. तो शेतावर गेला होता. घराच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या कोनाड्यांत, जिथे आमच्याकडे देव असतात, तिथे आता एकात आरसा आणि दुसऱ्यात मुलाची पाटी-पुस्तके होती.

मी कोण ते सांगितल्यावर ती काठी टाकून खाली बसली.

"आले बाप्पा कोणीतरी," ती म्हणाली. "मले वाटलंच नोहतं कोणी येईन."

दोघे तिच्या गोठ्यात उतरले होते. एकाला तिसऱ्या दिवशी ताप भरला. तरी तो तिच्या जात्याला टाकी लावायला बसला. म्हणाला, खाल्ल्या अन्नाचे काहीतरी झाले पाहिजे. वरची तळी पुरी झाली. खालची घेतली आणि अर्ध्यात छिन्नी हातातून पडली. मग तो उठला नाही. तिने पेज दिली, ती पोटात राहिली नाही. दोन दिवसांनी गेला. दौलतने आणि जोडीदाराने नाल्याच्या काठावर खड्डा खणला.

"नाव काय म्हणत होते?"

"एकमेकाले पाव्हणा म्हणत. पाव्हण्या हे घे, पाव्हण्या ते घे. आमी बी तसंच म्हणो."

दिसायला कसा होता ते विचारले. वाळलेला, दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. ते दोघांनाही लागू पडत होते.

"त्याचा धारेचा दगड?"

"तो त्याच्या डोक्यापाशी उभा केला ना जोडीदारानं, खूण म्हणून. मंग तो चांद्याकडं गेला, रडत रडत. घरी सांगजो म्हटलं, तं म्हणे, मी कोण्या तोंडानं जाऊ? मी त्याले फेरीले आणलं. पण तो दगड आता तिथं नाई."

मग तिने जे सांगितले ते मी कधी विसरणार नाही. तो दगड उन्हात चमकत असे. कोणीतरी म्हणाले, यात काहीतरी आहे. कोणाचे लेकरू खोकत होते. त्याच्या आईने दगडाला शेंदूर लावला आणि लेकराचा खोकला गेला. मग सगळ्याच बायका शेंदूर लावू लागल्या. अमावास्येला नारळ फुटू लागला. खोकल्याचा देव म्हणत त्याला. माझे वडील असोत की त्यांचा जोडीदार, जो माणूस स्वतः मरेपर्यंत खोकत होता त्याच्या उशाच्या दगडाला लोक खोकला जाऊ दे म्हणून हात जोडत होते.

"मंग दसऱ्याले नागपूरले दीक्षा घेऊन आलो," सगुणाबाई म्हणाली. "आल्यावर साऱ्या मोहल्ल्यानं घराघरातले देव काढले, नाल्याच्या खड्ड्यात नेऊन टाकले. त्याच्यात तो बी टाकला. मी म्हटलं होतं, हा देव नोहे, पाव्हण्याचा दगड हाये. पण शेंदूर लागला तं कोण वळखते? माणसं म्हणाले, ठेवायचा नाई म्हणजे एक बी ठेवायचा नाई."

"बरोबरच होतं त्यांचं," मी म्हणालो. ते मी मनापासून म्हणालो.

खड्डा नाल्याच्या वळणावर होता. अख्ख्या पावसाळ्याचा गाळ त्यात बसला होता. मी बाह्या वर करून उतरलो आणि एकेक दगड काढून काठावर मांडू लागलो. लहानमोठे, गोल, चपटे, सगळ्यांवर शेंदराचा थर, चिखलाने तपकिरी झालेला. कोणता दगड आतून कसला आहे, हे बाहेरून सांगता येत नव्हते. प्रत्येकाचा शेंदूर दाभणाने खरवडावा लागत होता. पहिला: काळा पाषाण. दुसरा: काळा पाषाण. तिसरा, चौथा, पाचवा. सगुणाबाई वर काठावर पदर गुंडाळून बसली होती आणि मी दगड ठेवला की विचारत होती, "हा?" मी म्हणे, "नाही." ते 'नाही' म्हणताना मला जे बरे वाटे ते सांगायला मला आज लाज वाटते.

मग वीतभर लांबीचा एक हाताला लागला. उचलतानाच मला कळले. एका बाजूला मधे खोलगट होता, वर्षानुवर्षे छिन्नी घासून झालेला. पण खोलगट तर कोणताही धारेचा दगड असतो, लालही असतो. मी शेंदूर खरवडला. खाली करडे दिसले. मी दाभण टेकवले. खरे म्हणजे मी वेळ काढत होतो. कदाचित कुसळे निघतील. कदाचित हॉर्नब्लेंड असेल, दुसराच कोणता करडा दगड असेल. परीक्षेत या दोहोंची ओळख पटवायला मला पाच मिनिटे दिली होती. इथे पाच क्षणही लागले नाहीत. पापुद्रा सुटला, दाभणाच्या टोकावर वाकला, आणि सोडताच सरळ झाला. मी तो आकाशाकडे धरला. चहाच्या पाण्यासारखा तपकिरी.

सगुणाबाईने या वेळी "हा?" असे विचारले नाही.

मी दगड परत गाळात ठेवला असता तर कोणाला काय कळणार होते? आईला सांगितले असते, लाल होता. ती वाण घेत राहिली असती. हे माझ्या मनात आले, आणि बहुधा तोंडावरही आले.

"माय वाट पाह्यत असन ना?" सगुणाबाई म्हणाली.

मी मान हलवली.

"माया भाऊ गेलता मिलच्या कामाले, पुन्हा आलाच नाई. माय सात वर्षं दार उघडं ठेवून निजे. दोनदा चोर आले. भांडे नेले, तरी दार उघडंच." ती उठली. "घेऊन जा तो दगड. दार लावू द्या तिले."

वडिलांना कुठे पुरले ती जागा मी विचारली. ती काठावरून चालत गेली, थांबली, मागे आली. "इथंच कुठंतरी. ती बाभूळ होती तवा लहान होती. पावसानं सपाट झालं सारं." मी तिथे उभा राहिलो. आमच्या रिवाजाप्रमाणे मूठभर माती घ्यायची असते. नक्की कुठली घ्यावी ते कळेना, म्हणून दोन-तीन ठिकाणची घेतली.

निघण्यापूर्वी मी तिचे जाते पाहायला मागितले. वरच्या तळीवर वडिलांच्या टाकीचे ठोके होते, मधल्या भोकापासून कडेपर्यंत, पावसाच्या थेंबांसारखे जवळजवळ. खालच्या तळीवर ते अर्ध्यापर्यंत येऊन एकाएकी संपले होते. दोन वर्षे ती तशाच जात्यावर दळत होती.

"दुसरा टाकीवाला आला नाही का?"

"आलते. पण म्या नाई लावू देल्ली. कोणी आलं तं दाखवाले पाह्यजे ना."

मी पिशवीतून कॉलेजची हातोडी आणि नमुने फोडायची छिन्नी काढली, वडिलांच्या दगडावर छिन्नीला धार लावली, आणि बसलो. लहानपणी दोन फेऱ्या मी वडिलांबरोबर केल्या होत्या, पण हात विसरला होता. कधी ठोका खोल जाई, कधी निसटे. अंगठा फुटला. दुपार सरत आली तेव्हा अर्धी तळी पुरी झाली. सगुणाबाईने दोन्ही तळ्या बसवल्या, मूठभर ज्वारी टाकली आणि खुंटा धरून फिरवला. पीठ चिमटीत घेऊन पाहिले.

"बापासारखी नाई जमली," ती म्हणाली. मग पुन्हा चिमूट घेतली. "पण चालते. बसा आता. याचीच भाकर करतो, खाऊन जाजो."

भाकर आणि वांग्याचे भरीत खाल्ले. भाकर जराशी कचकचली. कच दोघांच्याही दातांत लागली; दोघांनीही ती संपवली.

पिपरी

संक्रांतीला दोन दिवस राहिले होते तेव्हा मी वर्ध्याला उतरलो आणि चालत आमच्या गावी, पिपरीला आलो. वाटेत मी मनाशी वाक्ये जुळवत होतो. आधी कौसाआत्याच्या पाट्याचे सांगावे, मग मुजावरांचे, मग हळूहळू. दगड टॉवेलात गुंडाळला होता.

आई अंगणात तीळ पाखडत होती. तिने माझ्याकडे पाहिले, मग पिशवीकडे. फुगलेल्या बाजूला. सूप खाली ठेवून तिने हात पुढे केला. मी टॉवेलातून दगड काढून तिच्या हातात दिला. कडेला अजून थोडा शेंदूर राहिला होता.

"शेंदूर कोणं लावला याले?"

"लोकांनी. देव समजून."

ती दगड घेऊन दारापाशी उजेडात गेली. मी भिंग पुढे करणार होतो, इतका मी वेडा. तिने मधल्या खोलगट भागावरून अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा, वडील छिन्नी फिरवत त्याच दिशेने. मग कडेला नख लावले. पापुद्रा सुटला.

"अजून निघते," ती म्हणाली.

मग विचारले, "त्याले कोणं पाणी पाजलं का?" मी सांगितले, हो, पेजही दिली, एक बाई होती. तिने मान हलवली. बाईचे नाव विचारले आणि ते एकदा स्वतःशी म्हटले.

त्यानंतर तिने त्याच अंगठ्याने कपाळावरचे कुंकू पुसले. एकदाच, डावीकडून उजवीकडे. मी खाली पाहत होतो. वर पाहिले तेव्हा झाले होते. कुंकू गेले होते आणि त्या जागी काळ्या अभ्रकाचा एक कण चिकटून राहिला होता. ती सूप घेऊन पुन्हा तीळ पाखडायला बसली. ऊन पडले की तो चमकत होता. मी तिला सांगितले नाही.

यादी मी प्राध्यापकांना दिली. गिरडच्या पुढे "होय" लिहिले आहे.